खाणीचे गाव आणि वेळापूरचा वाडा

गेल्या मार्गशीर्षात पंढरपुरास जाण्याचा योग आला. पुण्याहून फलटण, नातेपुते, माळशिरस या वाटेने निघालो आणि दिवस मावळण्यापूर्वीच वेळापुरास उतरलो. थेट पंढरपूर गाठणे अशक्य होते असे नाही. परंतु वेळापुरात आमचे एक जुने स्नेही राहतात. तीस वर्षे शाळामास्तरकी करून आता ते घरी बसले आहेत आणि सारे गाव त्यांस गुरुजी म्हणते. ‘वाटेवर घर असून तुम्ही परभारे जाता,’ ही त्यांची जुनी तक्रार या खेपेस तरी मिटवावी, असे आम्ही ठरविले होते.

गुरुजींचा वाडा जुन्या सोलापुरी धाटणीचा आहे. जाड भिंती, वर मातीचे माळवद, पुढे ओसरी, मध्ये चौक आणि मागे चिंचेच्या झाडाखालची मोकळी जागा. हात-पाय धुऊन चहा होतो न होतो तोच गुरुजींनी एक चार पानी पत्र आमच्या हाती दिले. दूरध्वनीच्या या दिवसांत इतके सविस्तर पत्र पाहून आम्हांस कौतुक वाटले. पण मजकूर वाचल्यावर कौतुकाची जागा चिंतेने घेतली.

पत्र गुरुजींच्या पुतण्याचे होते. हा मुलगा चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणीजवळच्या एका गावी ठेकेदाराकडे हिशेबनीस आहे. त्याने लिहिले होते : ‘काका, येथे दोन खोल्यांचे भाडे दर वर्षी चढते आहे. माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा घरमालकाच्या हाती जातो. ज्यांनी चार वर्षांपूर्वी घरे घेतली ते आज सुखी आहेत. वाड्यामागची जागा पडून आहे. रस्ता मोठा झाल्यापासून तिला गिऱ्हाईकही आहे. ती विकून येथे घर घेतले तर अर्धे आपण राहू, अर्धे भाड्याने देऊ, आणि पैसा दुप्पट होईल.’

‘वाचलेत ना?’ गुरुजी म्हणाले, ‘आता तुम्हीच सांगा. पोरगा खोटे लिहीत नाही. पण माझे मन धजत नाही, आणि का धजत नाही तेही मला नीट सांगता येत नाही.’

प्रश्न एका कुटुंबाच्या पुंजीचा होता. अशा वेळी तोंडातून सहज निघालेला शब्द पुढे भारी पडतो. म्हणून ‘उद्या बोलू’ असे म्हणून आम्ही ती रात्र मागून घेतली.

सकाळी गुरुजींबरोबर श्रीअर्धनारीनटेश्वराच्या दर्शनास गेलो. हे हेमाडपंती देवालय यादवकाळातील असून राजा रामचंद्रदेवाच्या राजवटीतील मराठी शिलालेखांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस ते परिचित आहे. गाभाऱ्यात शिव आणि पार्वती एकत्र उभी आहेत. बाहेर पायऱ्यापायऱ्यांचे सुंदर कुंड आहे. चैत्रात येथे यात्रा भरते. कुंडाच्या पायरीवर बसले असता मनात आले की, ज्यांनी हे दगड बसविले त्यांच्या काळी या स्थळाचा बडेजाव केवढा असेल! पुढे देवगिरीचे राज्य बुडाले, अधिकार गेला, मानकरी गेले. परंतु गाव ओस पडले नाही. पाणी, शेत, देव आणि वाट ही चार कारणे शिल्लक राहिली आणि त्यांच्या आधारावर घरे उभी राहिली. गावाला एकच कारण असणे आणि चार कारणे असणे यांत किती अंतर आहे, याचा विचार आम्हांस त्या पायरीवरच सुचला.

आता खाणीच्या गावाकडे वळू. तेथे घराचे भाव इतके का चढतात? कारण उघड आहे. खाण उघडली की सहा महिन्यांत हजार माणसे येतात. पण सहा महिन्यांत हजार माणसांची घरे बांधून होत नाहीत. जागा मोजावी लागते, परवानगी लागते, पाणी आणावे लागते, गवंडी व सुतार मिळवावे लागतात. आणि गवंडी-सुतारही खाणीवरच्या जादा मजुरीस भुलून तिकडेच गेलेले असतात. माणसे आली आणि घरे आली नाहीत, म्हणजे असलेल्या घरांवर चढाओढ लागते. तीत ज्याची मिळकत खाणीवर आहे तो जिंकतो. हरतो तो शाळेचा मास्तर, टपाल कचेरीतील कारकून, दवाखान्यातील परिचारिका आणि पेन्शनीवर जगणारी विधवा. यांपैकी कोणाचेही वेतन खाण निघाली म्हणून वाढत नाही. भाडे मात्र खाणीच्या दराने द्यावे लागते.

ही गोष्ट आजची नाही. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले. तेव्हा सॅन फ्रान्सिस्को हे हजारभर वस्तीचे बंदर होते. पुढल्या वर्षाच्या अखेरीस तेथे पंचवीस हजारांच्या आसपास माणसे जमली. त्या काळच्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे की, तेथील पार्कर हाऊस नावाच्या लाकडी उपाहारगृहाचे वर्षाचे भाडे १,१०,००० डॉलर होते! खलाशी जहाजे सोडून सोने वेचण्यास पळाले, तेव्हा किनाऱ्याला लागलेल्या रिकाम्या जहाजांचीच लोकांनी कोठारे व बिऱ्हाडे केली. अगदी अलीकडचे पाहावे तर पश्चिम ऑस्ट्रेलियातील पोर्ट हेडलँड हे लोखंडाच्या निर्यातीचे बंदर घ्या. चीनची पोलादाची मागणी ऐन भरात असताना, २०१२ च्या सुमारास, तेथील सामान्य घराची किंमत दहा लाख डॉलरांच्या घरात गेली होती. नव्या खाणी बांधण्याचे काम संपले, भावही उतरला. आणि पाच वर्षांच्या आत तीच घरे निम्म्याहून कमी किमतीत विकावी लागली. ज्यांनी शिखरावर कर्ज काढून घर घेतले, त्यांचे घर लहान आणि कर्ज मोठे झाले.

भाव चढताना घर पुरेसे लवकर बांधता येत नाही. भाव उतरताना बांधलेले घर उचलून नेता येत नाही. खाणीच्या गावातील घरमालकाचे सारे सुखदुःख या दोन वाक्यांत सामावले आहे. विहीर आटल्यावर मोट दुसऱ्या विहिरीवर नेता येते. थारोळे मात्र जागच्या जागी कोरडे राहते.

आपल्याच मुलखातले उदाहरण हवे असेल तर गोमंतकाकडे पाहावे. डिचोली, सांखळी, सावर्डे, कुडचडे या भागांत लोखंडाच्या खाणी जुन्याच. पण चीनची मागणी वाढली तेव्हा हलक्या प्रतीच्या मातीसही गिऱ्हाईक मिळू लागले. २०१० च्या आगेमागे वर्षाला चार-पाच कोटी टन माल बोटीत भरला जात होता. घरोघर कर्जाने ट्रक आले. चालकांसाठी, कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या निघाल्या. खाणावळी व दुरुस्तीची दुकाने उभी राहिली. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने काम थांबविले व ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली; पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि काम पुन्हा बंद पडले. पुढे लिलावाने काही पट्टे देण्यात आले व २०२४ पासून थोडेफार काम सुरू झाले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या सर्व काळात डोंगरातील लोखंड संपलेले नव्हते. खाण केवळ माल संपल्याने बंद पडत नाही. दूर देशीच्या बाजारभावाने पडते, कायद्याने पडते, न्यायालयाच्या एका निकालाने पडते. भाडेकरू रात्रीत जातो. बँकेचा हप्ता मात्र पहिल्या तारखेस दारात उभा असतो.

आमच्या पुतणेबुवांच्या चंद्रपूर जिल्ह्याचा अनुभवही बोलका आहे. वरोऱ्याची कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. त्या कोळशासाठी आगगाडी तेथवर नेली गेली. आणि १९०६ मध्ये ती खाण बंद झाली. तरीही वरोरा टिकले, कारण त्याला कापसाचा बाजार होता. आगगाडी कोळशासाठी आली होती, पण कापसासही ती चालली. याच जिल्ह्यात घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. खाली जुन्या कोळशाच्या खाणीची पोकळी होती. सुदैवाने घरातील माणसे वेळेवर बाहेर पडली. घराची किंमत उतरते हे आम्ही पुष्कळ ऐकले होते. घरच खाली उतरते हे या निमित्ताने ऐकले. त्यानंतर आसपासच्या कुटुंबांनाही घरे सोडून अन्यत्र जावे लागले.

यावर कोणी म्हणेल की, खाणवाल्यांनीच घरे बांधावीत, म्हणजे भाडे चढणार नाही. हे म्हणणे अर्धे खरे आहे. चंद्रपूरकडे कोळशाच्या व विजेच्या कारभाराने मोठमोठ्या वसाहती बांधल्या. औष्णिक वीज केंद्राजवळचे ऊर्जानगर त्यांपैकीच एक. अशा वसाहतींमुळे गावातील चढाओढ पुष्कळ कमी होते, यात शंका नाही. परंतु बिऱ्हाड नोकरीबरोबर मिळते, तसेच ते नोकरीबरोबर जाते. म्हैसूरकडील कोलारच्या सोन्याच्या खाणींची कथा पाहा. १८८० नंतर तेथे विलायती कंपनीने काम वाढविले. १९०२ मध्ये शिवसमुद्राच्या धबधब्यावरून तेथे वीज आली, तेव्हा या देशातील पुष्कळ शहरांनी विजेचा दिवा पाहिलेला नव्हता. कामगारांना राहावयास चाळींच्या रांगा होत्या. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली आणि तीन-चार पिढ्या एकाच रांगेत काढलेल्या माणसांपुढे प्रश्न उभा राहिला, की हे घर आपले की कंपनीचे? आज तेथील हजारो माणसे पहाटेच्या गाडीने बंगळुरास कामाला जातात आणि रात्री परत येतात. घर एकीकडे, पोट दुसरीकडे.

हे सर्व आम्ही ओसरीवर बसून गुरुजींना सांगत होतो. ते शांतपणे ऐकत होते. मध्येच म्हणाले, ‘मग आमच्या तालुक्यात काय वेगळे झाले? नीरेचे पाणी ही आमची खाणच की!’

गुरुजींचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. माळशिरस तालुका पूर्वी कायमचा दुष्काळी. भाटघरचे मोठे धरण १९२७ च्या सुमारास पुरे झाले आणि नीरेचा उजवा कालवा या बाजूस खेळू लागला. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविली, त्याच वर्षी सासवडकडील माळी बागाईतदारांनी एकत्र येऊन आपला कारखाना काढला आणि माळीनगर वसले. पाठोपाठ श्रीपुरास चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना आला. पुढे साठच्या दशकात अकलूजजवळ शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. ज्या माळरानाला कोणी विचारीत नव्हते त्याला भाव आला. अकलूजची बाजारपेठ झाली. वेळापूरच्या चौकात दुकाने वाढली. हाही एक उभारच होता.

मग फरक कोठे? आमच्या मते दोन ठिकाणी. एक तर कोळसा काढला की खड्डा राहतो. ऊस काढला की खोडवा फुटतो. पाऊस आणि धरण यांची कृपा असेतो हे धन दर साल परत येते. १९७२ सारख्या दुष्काळात ते येत नाही, आणि उसाने जमीन खारावते, पाण्याची वाटणी विषम होते, हेही आम्ही विसरत नाही; पण ते दुखणे निराळे. दुसरे असे की, येथे ज्याची जमीन त्याचाच ऊस, आणि पुष्कळ अंशी त्याचाच कारखाना. उभाराचा पैसा गावातच राहिला. त्याची शाळा झाली, दवाखाना झाला, पक्के घर झाले. खाणीच्या गावातील मालक बहुधा दूरच्या शहरी असतो. नफा तिकडे जातो आणि गावाच्या वाट्याला धूळ व चढे भाडे येते.

मात्र आपल्या तालुक्याचे फार कौतुक करण्याआधी संध्याकाळी दिसलेले एक दृश्य सांगितले पाहिजे. गावाबाहेर फिरावयास गेलो तो रस्त्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या दिसल्या. बीडकडून उसतोडीस आलेल्या कुटुंबांची ती सहा महिन्यांची घरे. आत वाकून जावे लागते. पाणी लांबून आणावे लागते. मुले शाळेऐवजी उसाच्या फडात. गुरुजी म्हणाले, ‘यांना भाडे पडत नाही हो; पण याला घर म्हणायचे का?’ आम्हांस उत्तर सुचले नाही. हंगामी माणसाचे घर हंगामी असावे हे योग्य; पण ते माणसाचे असावे, एवढे तरी मागण्याचा त्याचा हक्क आहे.

त्याच वेळी आम्हांस आषाढातील वेळापूर आठवले. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसाहून निघून येथे मुक्कामास येते. येथील उंचवट्यावरून तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी कथा सांगतात. म्हणून आजही वारकरी येथे धावा करतात. त्या एका रात्री या गावात लाखो माणसे उतरतात. खाणवाल्यांच्या गणिताप्रमाणे त्या रात्री वेळापूरच्या ओसरीला सॅन फ्रान्सिस्कोचे भाडे यावयास हवे! प्रत्यक्षात काय होते? दिंड्या आपल्या राहुट्या आपल्याबरोबर आणतात. त्या माळावर ठोकल्या जातात, सकाळी उपटल्या जातात आणि पुढल्या मुक्कामी जातात. गावकरी ओसऱ्या मोकळ्या करतात, भाकरी घालतात. गुरुजींच्या घरी तर चार पिढ्या तीच दिंडी उतरते. भाड्याचा शब्द काढला तर काकूंना तो आपला अपमान वाटेल.

यांत भक्तीचा भाग मोठा आहे, हे सांगणे नलगे. परंतु व्यवहाराचाही एक धडा आहे. गर्दी येणार आणि जाणार हे ज्यांस पक्के ठाऊक असते, ते तिच्यासाठी दगडी वाडे बांधीत नाहीत, राहुट्या बांधतात. ऑस्ट्रेलियातील खाणवाल्यांनीही पुष्कळ ठिकाणी हीच युक्ती केली आहे : कामगारांस विमानाने आणावे, दोन-तीन आठवडे छावणीत ठेवावे आणि पुन्हा घरी पोहोचवावे. त्याने गावाचे भाडे आवरते. परंतु गावाची दुकाने, शाळा यांनाही त्या माणसांचा उपयोग होत नाही, आणि घरची माणसे त्यांची वाट पाहत राहतात. निर्दोष उपाय कोठेच नाही. पण येणारी गर्दी मुक्कामाची आहे की वस्तीची, हे ओळखणे प्रत्येकाच्या हाती आहे.

रात्री जेवणे झाल्यावर गुरुजींनी पाटी-पेन्सिलीच्या काळातल्यासारखे कागदावर गणित मांडले. समजा, पुतण्याने वीस लाखांस घर घेतले आणि त्याला महिन्याला वीस हजार भाडे आले. वर्षाचे झाले २ लाख ४० हजार. कर, दुरुस्ती, व्याज काहीच धरले नाही तरी मुद्दल सुटावयास आठ वर्षांवर चार महिने लागतात. उभार पाचच वर्षे टिकला तर हाती आले बारा लाख. उरलेले आठ लाख त्या वेळी घर विकून यावे लागतील. आणि विकणारे तेव्हा सारेच, घेणारा मात्र कोणी नाही. ‘पोरगा म्हणतो दुप्पट,’ गुरुजी म्हणाले, ‘पण हे गणित आठ वर्षे भाडेकरू राहील या एका गृहीतावर उभे आहे.’

आम्ही म्हणालो, ‘गुरुजी, तो भाडे जास्त देतो हे खरे दुःख आहे. ते हसण्यावारी नेऊ नका. पण ज्या गावी भाडे फार, त्या गावचे घर म्हणजे चांगली ठेव, असे होत नाही. उलट भाडे फार आणि गावाला कारण एकच, तर तेथे भाडेकरू होऊन राहावे आणि आपले घर जेथे कारणे चार आहेत तेथे ठेवावे. नोकरी संपली की तो कुलूप लावून निघू शकेल. हे स्वातंत्र्य चढ्या भाड्यापेक्षा स्वस्त आहे.’

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी कागद घेतला आणि उत्तर लिहावयास बसले. जागा विकणार नाही. परंतु भाड्याची ओढ असेल तर दर महिन्यास आपल्या पेन्शनीतून काही रक्कम पाठवीन. आणि शिल्लक टाकता येईल ती वेळापूरच्या वाड्याचे माळवद नीट करण्यास ठेव, म्हणजे परत येशील तेव्हा डोक्यावर छप्पर असेल, असा त्यातील आशय होता. हा निर्णय बरोबर ठरेल की नाही, हे आज कोण सांगणार? कदाचित ती खाण आणखी तीस वर्षे चालेल आणि पुतण्या आम्हांस नावे ठेवील. तो दोष आम्ही घेऊ. वाडा मात्र जागेवर असेल.

सकाळी आम्ही पंढरपुरास निघालो तेव्हा पत्र पाकिटात घालण्यापूर्वी काकूंनी ते मागून घेतले आणि खाली स्वतःच्या अक्षरात दोन ओळी जोडल्या. आम्ही त्या सहज वाचल्या : ‘आणि इतके करून घर घेशीलच, तर आधी त्या जागेखाली काय आहे ते चौकशी करून कळव. तिळाच्या वड्या पाठविल्या आहेत.’